राणी जिंकली की नाही

हेमा सरनाईक लग्नानंतर, १९९१ साली, कोल्हापूरहून शारजात आल्या. यजमान जगन्नाथ एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. मुलगी तनया शाळेत जायला लागली, तशी हेमाताईंनी शारजाच्याच रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये नोकरी धरली. व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, राजीनामे, काय म्हणाल ते. हात इतका साफ, की मालक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचा, "हेमा का पेपर वापस नहीं आता."

१९९७च्या हिवाळ्यात दुकानात इद्रीस आले. सुदानी गृहस्थ, इंग्रजीचे शिक्षक, ताडासारखे उंच. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेच्या आठ वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, पुस्तक टाइप करायचंय," ते इंग्रजीत म्हणाले. "आमच्या राणीचं."

दुकान दुपारी एक ते चार बंद असे. त्या वेळात कॉम्प्युटर वापरायला मालकाने परवानगी दिली आणि दर गुरुवारी डबा खाऊन झाला की हेमाताई वह्या उघडू लागल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी नुसतं टाइप केलं. दुसऱ्यापासून त्या वाचू लागल्या.

दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानात, नाईलच्या काठी कुश नावाचं राज्य होतं. तिथल्या राणीला कंदाके म्हणत. ही अमानीरेनास, एका डोळ्याने अधू. इजिप्त गिळून रोमन तिच्या सीमेवर येऊन ठेपले आणि कर मागू लागले. मग त्यांचं बरंचसं सैन्य अरबस्तानच्या मोहिमेवर गेलेलं पाहून कुशच्या फौजेने आस्वानवर झडप घातली, तिथले रोमन सम्राटाचे, सीझरचे पुतळे पाडले. अशाच एका पुतळ्याचं ब्राँझचं डोकं पुढे कुशमधल्या मेरोए शहरात, देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलेलं सापडलं. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण सीझरच्या डोक्यावर पाय देऊन आत जाणार! हे पान टाइप करताना हेमाताई एकट्याच मोठ्याने हसल्या.

पण शेवटच्या वहीशी त्या अडल्या.

"उस्ताद, इथे काहीतरी चुकलंय."

"स्पेलिंग?"

"स्पेलिंग नाही. सत्तेचाळिसाव्या पानावर तुम्हीच लिहिलंय, रोमनांनी राणीचं नापाता शहर उद्ध्वस्त केलं, माणसं गुलाम म्हणून विकली. आणि साठाव्या पानावर म्हणता, राणी जिंकली. मग त्या माणसांचं काय?"

इद्रीसांचा चेहरा उतरला. "तुमचं काम टाइप करायचं आहे, मॅडम."

"ते केलंय. पण वाचणारा विचारणारच ना."

"दोन हजार वर्षं जग रोमनांनी लिहिलेलंच वाचतंय. एक वाक्य आमचं असू दे की!" त्यांनी वह्या पिशवीत कोंबल्या. "खलास."

ते गेले ते तीन गुरुवार फिरकलेच नाहीत. हेमाताईंना जेवण गोड लागेना.

"तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" जगन्नाथ म्हणाले. "कुठली राणी, कुठलं रोम!"

हेमाताई ताराराणीच्या गावच्या. औरंगजेबाने घेतलेले किल्ले आणि ताराराणीने परत मिळवलेले किल्ले, दोन्ही त्यांनी वडिलांकडून ऐकले होते. गेलेले लपवले, तर परत घेतलेल्यांना काय किंमत उरली? पण हे त्या वेळी उस्तादांना सांगायला सुचलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी इद्रीस आले. सलाम केला, दोन नवी पानं पुढे ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. हेमाताईंनी तिथेच वाचली. नापाता पडलं. तरी राणी फौज घेऊन पुन्हा रोमनांच्या ठाण्यावर चालून गेली. त्यांचा सेनापती तिच्याआधी पोचला आणि बोलणी सुरू झाली. सीझरकडे जा, असं त्याने सांगितल्यावर राणीचे वकील म्हणाले, सीझर कोण, राहतो कुठे, आम्हाला ठाऊक नाही. शेवटी त्यांना सामोस बेटावर, सीझरच्या मुक्कामी नेलं आणि सीझरने कर माफ केला. शेवटची ओळ होती, "नापातातली माणसं परत आली नाहीत. पण कुशने रोमला कर दिला नाही."

"आता?" इद्रीसांनी विचारलं.

"आता कुणी विचारलं, तर उत्तर तिथेच आहे."

"तुम्ही फार त्रासदायक टायपिस्ट आहात," असं म्हणून ते हसले. "यल्ला, छापा."

पन्नास प्रती निघाल्या, स्पायरल बाइंडिंगच्या. सुदानी मंडळींच्या क्लबात त्या वाटल्या गेल्या. २००१ साली इद्रीस निवृत्त होऊन सुदानला, आपल्या ओमदुरमान शहरात परतले. एका ईदला त्यांचं कार्ड आलं, नंतर काही नाही.

२००२ साली शारजातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेसाठी हेमाताईंनी कंदाकेवर चार पानं लिहिली, मराठीत. शाळेनंतर त्या पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहीत होत्या.

"आई, हू इज गोइंग टू रीड धिस?" तनया म्हणाली.

संपादक संध्याताईंचंही तेच. "अहो, ताराराणीवर लिहा ना!"

"तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हिचं मराठीत मला तरी कुठे सापडलं नाही."

लेख छापला गेला, अगदी शेवटी, पाककृतींच्या मागे. दोन फोन आले. एक जुन्या शेजारणीचा, अभिनंदनाचा. दुसरा फुजैराहून, सगुणा नावाच्या अनोळखी बाईंचा. त्यांचे यजमान बंदरात कामाला होते.

"लेख दोनदा वाचला हो," त्या म्हणाल्या. "पण हे मेरोए नक्की आलं कुठं?"

हेमाताईंनी गॅस बंद केला, तनयाच्या कपाटातून ॲटलास काढला आणि ओट्यावर पसरला. "तुमच्याकडे नकाशा आहे का? नसला तरी चालेल. खार्टूम माहीत आहे? तिथून नाईल धरून वर यायचं..."