खांडीतली माती

नव्वदच्या दशकात मी रोह्याहून पहाटेच्या एसटीने पेणला आणि तिथून जोह्याकडच्या खारेपाटात, खाडीकाठच्या भातशेतांत जायचे. संशोधन करत होते. मार्गदर्शक सर पुण्याचे. खाडीच्या बांधाला लागून आम्ही पुरुषभर खोल खड्डा घेतला होता आणि तळाशी गारगोटीच्या चार बारीक, धारदार कपच्या सापडल्या होत्या. आदिमानवाची हत्यारं! सर हरखले. ती किती जुनी, हे आता परागकणांनी सांगायचं होतं.

परागकण भारी चिवट. फूल कुजतं, झाड कुजतं, पण कणाचं कवच चिखलात हजारो वर्षं टिकतं. थराथरातली चिमूटभर माती आम्लात मुरवायची, सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखायचे, की तेव्हा तिथे काय उगवत होतं ते कळतं. मग वय ठाऊक असलेल्या थरांशी तो क्रम ताडून पाहायचा. आमच्या खड्ड्यात वर खारफुटीचे कण निघाले आणि खाली भाताच्या जातीचे. म्हणजे खाडी आत शिरण्याच्याही आधी इथे शेती होती, असं सरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शेत ज्यांचं, त्या काकी रोज बांधावर बसून आमची गंमत बघायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "हजारो वर्सांची कसली गो? ही माटी आमीच टाकलीय. खांड गेली व्हती तवा."

बांध फुटून खाडीचं पाणी शेतात घुसतं, त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर हजर झालाच पाहिजे, हा गावाचा कायदा. "आदी टेकडीखालच्या शेतातली माटी पेंढा घालून भरली, वरशी खाडीचा चिखल थापला. माजा पोरगा पोटात व्हता, सातवा महिना. तरी डोक्यावर ढेकला वायली मी."

त्या मातीबरोबरच कपच्याही आल्या असणार. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर हसले. "या लोकांना काल काय जेवलो ते आठवत नाही, आणि तू त्यांची साक्ष काढतेस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खारेपाटातल्या कुणालाही विचारा, कुठली खांड कधी गेली ते पोरांच्या वयावरून बिनचूक सांगेल. जमीन गेली की काय होतं हे पुण्यात बसून कसं कळणार?

तळाची माती मी प्रयोगशाळेत पुन्हा तपासली. पेंढ्याची काडी होतीच, शिवाय बारीक काटेरी, गोल कण. गाजरगवताचे! हे गवत परदेशी धान्यातून आपल्याकडे आलं, माझ्या आईच्या डोळ्यांदेखत. ते आदिमानवाच्या पायाखाली कुठून येणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

सर म्हणाले, "खिडकीतून उडून आले असतील. तक्त्यातून काढून टाक."

खिडकी बंद होती. आणि काडी? तीही उडून आली? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण पदवी त्यांच्या सहीवर अडली होती. मी ती ओळ खोडली. निबंध माझ्याही नावानिशी छापून आला. आभारात काकींची बोळवण 'स्थानिक मजूर' म्हणून झाली. ज्यांच्या शेतात आम्ही फुकट खड्डे खणले, त्या मजूर!

उरलेलं सामान आणायला गेले तेव्हा काकींनी हातातली टोपली खाली ठेवली. "मी सांगितला ता लिवलास ना गो?"

मागे त्यांचा मुलगा सायकल पुसत होता. डोलवीच्या कंपनीत दुपारच्या शिफ्टला निघालेला, विशीतला उंच गडी. आमच्या तळाच्या थराचं जे वय, तेच त्याचं.

"हो काकी, लिहिलंय," मी म्हटलं.

काकी हसल्या आणि वळून त्याला म्हणाल्या, "आयकलास? तू पोटात व्हतास, ता पन छापलाय."