संत्र्याच्या गोदामातली हार्ड डिस्क

वरूडकडच्या ठाण्यात असताना आलेली ती तक्रार अजून जशीच्या तशी आठवते. संगणक जागेवर आहे, आतली हार्ड डिस्क मात्र चोरीला गेली, असं सांगणारा फिर्यादी माझ्या नोकरीत तो पहिलाच.

फिर्यादी संत्र्यांचे व्यापारी. संगणक सुरू केला की डिस्क सापडत नाही असं इंग्रजीत लिहून येत होतं. त्यावरून डिस्क चोरीला गेली हे त्यांनी ठरवलं होतं, आणि चोरही ठरवला होता. माल कोणत्या बागेतून आला, कोणत्या ट्रकने कुठे गेला, हे सगळं त्या संगणकात होतं, आणि तो हाताळत असे एकटी कारकून बाई. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती फुगलेली पिशवी घेऊन निघाली, अशी खबर चौकीदाराने दिली होती. सुट्टीनंतर ती कामावर परतल्यावर मालकांनी तिला पॅकिंगच्या बायकांसमोर चोर म्हटलं आणि तडक ठाणं गाठलं.

संगणकाला कोणी हात लावू नये म्हणून मालकांनी खोलीला कुलूप ठोकून वर लाल फीत बांधली होती. अमरावतीहून ठशांचे तज्ज्ञ बोलवा, असा आग्रहही धरला. मी आधी जबाब घ्यायचे ठरवले.

पिशवीत काय होतं, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पांढरं लुगडं अन् भाकरी. दीक्षाभूमीले गेली होती साहेब, दरसाल जातो आमी. डिस्क कशी दिसते थेच मले मालूम नाई." पुढे म्हणाल्या, "चोर मनून नाव निघालं त या गावात मले कोन कामावर ठेवन?"

खोटं बोलणारा माणूस सहसा पोलिसांच्या प्रश्नांपुरतीच उत्तरं देतो. स्वतःच्या पोटाची चिंता मध्येच बोलून दाखवत नाही. पण एवढ्यावर कोणाला सोडता येत नाही. मग मालकांना विचारलं, बाई गेल्यानंतर त्या खोलीत काय काय झालं?

मालक खुलले. दसऱ्याला यंत्रांची पूजा मोठ्या थाटात झाली होती. फोटो मोबाइलवर होतेच. तराजूला हार, ट्रकला हार. संगणकाला मात्र बाहेरून हार घालणं त्यांना अपुरं वाटलं होतं. फोटोत पेटीचं बाजूचं झाकण उघडं, आत झेंडूचा हार गुंफलेला आणि शेजारी हात जोडलेले मालक.

"हार काढला कोणी?"

"मीच. दुसऱ्या दिवशी. निर्माल्य दुसऱ्याच्या हातानं नाई काढत आमी."

"निघाला सहज?"

"जरासा अडकला होता. ओढला मंग."

दोन पंच बोलावले आणि फीत कापली. आमच्या ठाण्यातल्या संगणकाचं काम पाहणाऱ्या हवालदाराने भिंतीतला प्लग काढून झाकण उघडलं. डिस्क होती तिथेच होती. विजेची रुंद केबल तिला जोडलेली होती. शेजारची माहिती वाहून नेणारी अरुंद, चपटी केबल निसटून लोंबत होती आणि तिच्या टोकात झेंडूची पाकळी अडकली होती. त्याने पाकळी काढली, केबलच्या तोंडाची खाच डिस्कच्या खाचेशी जुळवली आणि बेताने दाबली. ती एकाच बाजूने बसते, त्यामुळे चूक करायला फारसा वाव नसतो. प्लग लावला, संगणक सुरू झाला. सगळी नोंद जागच्या जागी.

ठाण्यात परतल्यावर मालकांनी तक्रार मागे घेण्याची तयारी दाखवली आणि बाईंना ठाण्यातच चहा पाजून विषय संपवू म्हणाले. मी म्हटलं, चोर म्हणालात गोदामात, तेव्हा चूक झाली हेही गोदामातच म्हणा.

आम्ही सगळे चालत गोदामात गेलो आणि मालकांनी चूक कबूल केली. आवाज जरा बारीक होता, पण बायकांना ऐकू गेला. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढल्या दसऱ्याले हार वरूनच घाला भाऊ. मशीनले पावते तेवढ्यानं."

पहिली हसली ती पॅकिंगच्या बायकांपैकी कोणीतरी. मग मालकही हसले. त्यांच्याकडे दुसरा मार्गही नव्हता.

चोर शोधण्याआधी वस्तू जागेवर आहे का ते बघावं, हे प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही. सगळ्यांना येतच असेल असं धरून चालतात. त्यानंतर प्रत्येक चोरीच्या तक्रारीत मी आधी वस्तूची जागा पाहिली. मात्र या प्रकरणाने शिकवलेली दुसरी गोष्ट मला मोठी वाटते. निर्दोष माणसाला सोडून दिलं की पोलिसांचं काम कागदावर संपतं, त्या माणसाचं संपत नाही. ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं, त्यांच्यासमोर ते परत यावं लागतं. त्यासाठी कायद्यात कलम नाही. ठाण्यातून गोदामापर्यंत चालत जावं लागतं.

मी निघालो तेव्हा बाई संगणकासमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि ताटकळलेल्या पहिल्या ट्रकवाल्याला गाडीचा नंबर विचारत होत्या.