जांभळा की गुलाबी

काचेची पट्टी खिडकीकडं धरून चाचा एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "रुको भाऊ. रंग बोलंल." हे वाक्य मी बारा वर्षं ऐकलं आणि बारा वर्षं मला त्याचा राग आला.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेलच, ज्याच्यापुढं आपलं शिक्षण उगीच वाटतं. औरंगाबादच्या आमच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत, मी डिप्लोमावाला. चाचा निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर इथं बाटल्या धुवायला लागलेले, शाळा उर्दूत चौथीपर्यंत. इंग्रजी रिपोर्ट मी लिहायचो, सही माझी. तरी डॉक्टर कागद हातात घेऊन विचारायचे, "चाचांनी बघितलंय ना?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

काम तसं ठरलेलं. नमुना काचेवर पसरायचा, जांभळा रंग द्यायचा, वर आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. काही जंतू जांभळा धरून ठेवतात, काही सोडतात आणि गुलाबी दिसतात. नव्या डॉक्टरांना चाचा सांगायचे, "जांभळ्याची भिंत जाड, पर उघडी. गुलाबीची पातळ, पर वरून कोट घातलेला. पेनिसिलीन भिंत बांधू देत नाय. कोटवाल्याच्या अंदर ते जाईल तवा ना." हेच मी पुस्तकातून पाठ केलेलं. माझं कुणी ऐकायचं नाही, त्यांचं मात्र चहा थंड होईस्तोवर ऐकायचे. जळायचो मी, खोटं कशाला बोलू?

सगळी गोम स्पिरिटमध्ये. रंग ओघळायचा थांबला की हात थांबायला पाहिजे. चाचांचा थांबायचा.

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी माझी बायको तापानं फणफणली. तिच्या नमुन्याला मी चाचांना हात लावू दिला नाही. निदान माझ्या घरचं तरी माझ्या हातून होऊ दे, एवढीच हाव. रंग ओघळायचा थांबला तरी भीतीनं मी स्पिरिट ओततच राहिलो. सगळं गुलाबी दिसलं. तसं लिहून दिलं आणि डॉक्टरांनी गुलाबीवर चालणारी सुई सुरू केली. दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला, ती मला ओळखेना.

"भाऊ, पट्टी दिखाव," चाचा म्हणाले. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. "लई धुतलं तुम्ही. जांभळ्याचाबी रंग उतरला. ही माळ बघा, माळ जांभळ्यांची असती."

उरलेल्या नमुन्याची त्यांनी दुसरी पट्टी केली. दाण्यादाण्याची जांभळी माळ. तासाभरात पेनिसिलीन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि लेकीला मागितलं.

डॉक्टरांना चाचांनी सांगितलं, "भाऊंना शक आला. त्यांनीच दुबारा रंगवलं." डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. चाचा मोरीत काचा धूत होते. त्या दिवशी वाटला तेवढा हेवा मला त्यांचा कधीच वाटला नव्हता. काम येतं ते येतं, वर मनाचा मोठेपणाही त्यांनीच दाखवावा?

बारशाला ते आले. बायको त्यांनाच सांगायला लागली, "यांनी ओळखलं म्हणून मी वाचले." मी ताटाकडं बघत राहिलो.

"व्हय भाभी," चाचा म्हणाले, "भाऊंची नजर लई तेज." आणि लेकीच्या मुठीत बोट देऊन बसले.

पुढं ते निवृत्त झाले, देवगाव रंगारीला लेकाकडं गेले. जाऊन भेटावं, बायकोला खरं काय ते सांगावं, असं दर दिवाळीला ठरवायचो. गेलो नाही. मग एकदा तिकडून फोन आला, चाचा गेले.

फोन ठेवून मी बायकोला सांगितलं. बायकोनं विचारलं, "ते चाचा? भला माणूस. तुमच्या हाताखाली होते ना?"

"व्हय," मी म्हणालो.