परीचे काळे हात

माझी आत्या मूकपटांच्या स्टुडिओत कपडे शिवायची. जादूगार, उडते गालिचे, पऱ्या आणि राक्षस, असले मूकपट निघत तिथे. राक्षस कमी पडले की मालक अंगणात यायचा आणि रंगानं काळा दिसेल त्याला आत ओढायचा. भट्टीवाला, हमाल आणि आमची आत्या! डोक्याला शिंगं, तोंडात सुळे, की झाले राक्षस तयार. आणि परी कोण? तर स्टुडिओचा न्हावी, गोरा म्हणून. मिशा उतरवलेला बाप्या परी म्हणून चालतो, पण काळी बाई चालत नाही! हा कुठला न्याय, मला सांगा ना कुणीतरी.

आत्याला एकच हौस होती, आजीनं आपल्याला पडद्यावर ओळखावं. आजी म्हणजे आत्याची आई, जिभेची महातिखट. आत्या तिला प्रत्येक पिक्चरला घेऊन जायची.

"आई, ती बघ, मागची, वाकड्या शिंगांची!"

"सगळ्यांचीच शिंगं वाकडी आहेत," आजी म्हणायची. "आणि तुझं तोंड कोण दाखवतंय पडद्यावर? उगाच आशा लावून बसू नकोस."

आत्याला फार लागायचं ते.

आता परीचा झगा. न्हावी मापं द्यायला कधी जागेवर सापडायचा नाही, म्हणून आत्या झगा स्वतःच्याच अंगावर बेतायची. नाइलाजानं की मुद्दाम, देव जाणे. एकदा परीराणीला तारेवर टांगून उडवायचं होतं. न्हावी झग्यात कसाबसा शिरला, वर चढला आणि तिथूनच बोंबलला, "उतरवा मला! श्वास अडकलाय! मी माणूस आहे, पिळायला लिंबू नाही!"

खाली उतरवल्याबरोबर झगा फेकून तो तडक घरी गेला.

मालकाचे डोळे पांढरे झाले. ऊन कलायला लागलं होतं, आणि उन्हाशिवाय तेव्हा शूटिंग होत नसे. त्या झग्यात मावणारं माणूस स्टुडिओत एकच होतं.

"ही?" मालक कपाळाला हात लावून म्हणाला. "बरं, लावा सफेदा!"

लावला. तोंड, कान, मान, सगळं पांढरंफेक केलं, आणि खांद्यापर्यंत येता येता डबा रिकामा! झगा बिनबाह्यांचा.

"हात पाठीमागे ठेव," मालकानं दम भरला. "पुढे आणलेस तर याद राख!"

अहो, तारेवर लोंबकळत हात पाठीमागे ठेवून बघा एकदा! तार हिसकली, आत्या भेलकांडली आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या राजाची दाढी तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरली. दाढी खोटी, ती निघून हातात आली. तेवढ्यात ऊन गेलं. पिक्चर तसाच लागला.

आत्या आजीला घेऊन गेली. या खेपेला बोट दाखवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पडद्यावर परीराणी आली, चांगली मोठी, समोरून.

"ही कोण गं, चुना फासलेली?" आजी म्हणाली. "आणि तू कुठायस?"

आत्याचा जीव एवढासा झाला. परी होऊनही ती आईला दिसली नव्हती.

मग परी उडाली, भेलकांडली आणि काळे हात पुढे आले. थिएटर खो खो हसायला लागलं.

"परीनं मोजे घातलेत हातात!" कुणीतरी ओरडलं.

आजी ताडकन उभी राहिली. "मोजे नाहीत, मेल्या! हात आहेत ते, माझ्या पोरीचे! बापाची दाढी अश्शीच ओढायची लहानपणी!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. आत्या हसत होती आणि घळाघळा रडतही होती. आजीनं खाली बसून तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"खुळे, तोंडाला तो चुना कशाला फासलास? ते तोंड बघायलाच तर येते ना मी प्रत्येक वेळी!"