जज उठून गेल्यावर

राष्ट्राध्यक्षांनी मार्लिस हिएतालाचं नाव संघराज्याच्या न्यायालयासाठी सुचवलं आणि सिनेटनं त्यावर मोहोर उठवली, त्या दिवशी ती आधी वडिलांकडे गेली. ओन्नी स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत बसले होते. जन्म लोखंडाच्या खाणीत गेलेला माणूस.

"जन्मभरासाठी म्हणजे? कुणी काढूच शकत नाही?"

"लबाडी केली तरच, बाबा."

"आणि संप झाला, खाण बंद पडली, तरी?"

"तरीही."

"मग असली नोकरी असते हे मला वेळेवर कुणी का नाही सांगितलं?" म्हातारा खदखदून हसला. ती निघाली तेव्हा दारात येऊन नेहमीसारखं म्हणाला, "हरणं बघून जा गं."

उत्तर मिनेसोटात निरोप असाच घेतात. रस्ते जंगलातून जातात, हरीण कधी गाडीपुढे उडी घेईल याचा नेम नसतो. भांडून निघालेल्या माणसालासुद्धा एवढं सांगूनच दार लावतात.

दुलुथच्या टेकडीवरच्या त्या इमारतीत मार्लिसनं पंधरा वर्षं काढली. खिडकीतून सरोवर दिसायचं, खनिज घेऊन जाणारी लांबलचक जहाजं दिसायची. नवरा रॉय लवकर गेला होता. घरात ती आणि मुलगा आर्ने, एवढेच. कोर्टात ती कडक होती, पण तिची एक रीत सगळ्यांना ठाऊक होती. शिक्षा सुनावण्याआधी ती आरोपीच्या आईला बोलू द्यायची. कितीही वेळ. सरकारी वकील घड्याळाकडे बघत, आणि त्या बाया मनातलं सगळं ओतत. तो वाईट नाही हो. संगत वाईट लागली. लहानपणी असा नव्हता. मार्लिस शेवटपर्यंत ऐकायची, धन्यवाद म्हणायची, आणि मग आवाज मऊ करून सांगायची, "कायदा मला दहा वर्षांच्या खाली जाऊ देत नाही." तो मऊपणा त्या बाईच्या थोडातरी कामी येत असेल असं तिला वाटे. मग कारकून ग्लेन सगळ्यांना उठायला सांगायचा आणि ती आपल्या मागच्या दारानं निघून जायची. झगा खुंटीला टांगून सूप गरम करायची.

आर्ने बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षक होता. खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढची गोष्ट मार्लिसनं इतक्या खटल्यांत वाचली होती की तिला ती तोंडपाठ होती. आधी घेणं, मग परवडेना म्हणून विकणं. दुसऱ्याच्या मुलात तिनं ती पहिल्या पानावर ओळखली असती. आईला सगळं कळतं म्हणतात. कळतंही. फक्त ते ती स्वतःला सांगत नाही. नशेची पूड तापवायला घरातले चमचे जात होते, आणि ही नवे आणत होती.

आर्नेला पकडलं ते तिच्याच न्यायालयाच्या हद्दीत. तिथल्या सगळ्या जजनी खटल्यातून अंग काढून घेतलं, तसं घ्यावंच लागतं. नॉर्थ डकोटाहून स्टेनरूड नावाचे जज आले. आर्नेनं गुन्हा कबूल केला. आता उरली होती फक्त शिक्षा.

त्याची सरकारी खर्चानं नेमलेली वकील रीटा बोल्यू मार्लिसपुढे वर्षानुवर्षं उभी राहिलेली. ती एका रविवारी रानतांदळाच्या सूपचं भांडं घेऊन घरी आली. कामावर असलेल्या जजला आपणहून कुणाच्याही चारित्र्याची ग्वाही देता येत नाही. पोटच्या पोराचीही नाही. रीटाला त्याबद्दलच बोलायचं होतं.

"जजबाई, एक वाट आहे. मी समन्स काढते. समन्स आलं की तुम्हाला यावंच लागेल. नियमात बसतं."

"आपण दोघींनी सूप पिता पिता ठरवलेलं समन्स? रीटा, माझ्यापुढे कुणी असं केलं असतं तर मी त्याची साल काढली असती."

"माहीत आहे. माझी दोनदा काढलीत."

दोघी हसल्या. हसू लवकर विरलं.

"मी बोलून काय फरक पडेल?"

"खरं सांगू? सरकार चौदा मागतंय. दहाच्या खाली कुणाच्या बापाला जाता येणार नाही. तुम्हीच किती वेळा सांगितलंय."

"आयांच्या बोलण्यानं माझा आकडा कधी बदलला होता?"

रीटानं भांड्यावरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाली, "नाही, जजबाई. एकदाही नाही."

निघताना ती सवयीनं हरणांचं बोलली. मार्लिसनं मान हलवली, आपण घरातच आहोत हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्याच्या आत तिनं राजीनामा दिला. एका वाक्याचा. आणखी चार वर्षं थांबली असती तर पूर्ण पगार मरेपर्यंत घरी आला असता. कोर्टातले लोक हळहळले. जन्मभराची जागा, जी सोडायला कुणी लावू शकत नाही, ती बाईनं पाच मिनिटं बोलण्यासाठी सोडली. तेही काही बदलणार नाही हे पक्कं ठाऊक असताना.

तुरुंगात काचेपलीकडे बसलेल्या आर्नेला तिनं फोनवरून ते सांगितलं.

"सोडलंस?"

"हो."

"तुला यात ओढू नको म्हटलं होतं ना मी रीटाला? नव्हतं सांगितलं तिनं?"

"सांगितलं होतं."

"घरात मी न मोडलेली एकच गोष्ट उरली होती, आई. तुझी खुर्ची. तीपण माझ्या नावावर मोडलीस." त्यानं फोन ठेवला आणि पहारेकऱ्याला हात केला. तिची वेळ अजून बरीच उरली होती. ती तिथेच बसून राहिली.

शिक्षेच्या दिवशी ती आपल्याच जुन्या दालनात मागच्या बाकावर बसली. "सर्वांनी उठावं," ग्लेन म्हणाला. सगळे उठले. ती उठली नाही. पंधरा वर्षं तो पुकारा तिच्यासाठी होता, तिला स्वतःला कधी उठावं लागलं नव्हतं. ग्लेननं तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि वाट पाहिली. मग ती चटकन उठली.

तिची पाळी आली. कागदावर तिनं निकालपत्रासारखं मुद्देसूद लिहून आणलं होतं. तोंडून निघालं, "तो वाईट मुलगा नाही." आणि तिला त्या सगळ्या बाया ऐकू आल्या. तिनं कागद मिटला.

"नऊ वर्षांचा होता. एका सामन्यात समोरच्या संघातल्या एका पोराला बर्फावर सारखं पाडत होते. तो रडायला आला होता. आर्नेनं त्याचा गोल जाऊ दिला. मुद्दाम. मी विचारलं, का सोडलास? तर म्हणाला, त्याची आई बघत होती." ती थांबली. "मी तेव्हा नुकतीच पोचले होते. कोर्ट उशिरा सुटलं होतं."

एवढंच. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. आर्नेची पाठ तिच्याकडे होती. ती पाठ हलली नाही.

"धन्यवाद, मॅडम," स्टेनरूड म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "कायदा मला दहा वर्षांच्या खाली जाऊ देत नाही."

रीटाचे खांदे सैल पडले. चौदाचे दहा झाले होते, वकिलाच्या हिशेबात ही जीतच. मार्लिसला पहिल्यांदाच कळलं की तो मऊ आवाज खालून कसा ऐकू येतो.

स्टेनरूड उठले, मागच्या दारानं गेले. आता झगा काढत असतील. जज गेल्यानंतरचं दालन तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ग्लेन खाली मान घालून कागद गोळा करू लागला. सरकारी वकिलांपैकी कुणीतरी जेवायला कुठे जायचं ते विचारलं. कठड्यापाशी जाता येत होतं, पण हात लावायची परवानगी नव्हती. पहारेकऱ्यांनी आर्नेला उठवलं. बेड्यांचा आवाज, आणि बाजूचं एक अरुंद दार. तिनं पाठवलेले सगळे याच दारानं गेले होते. त्यांच्या आया इथेच, या कठड्याला धरून उभ्या राहिल्या असतील. आणि ती आत सूप गरम करत असेल.

दारापाशी आर्ने थांबला. पहारेकऱ्यानं क्षणभर थांबू दिलं.

"आई."

"काय रे?"

"अंधार लवकर पडतो आताशा. हरणं बघून जा."

असं म्हटलं की समोरच्यानं 'तूही' म्हणायचं असतं. तिच्या तोंडाशी ते आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

दार लागलं.

घरापर्यंतच्या रस्त्यात एकही हरीण दिसलं नाही. तरी ती सबंध वाट हळू, अगदी हळू चालवत गेली. मागच्या गाड्या भोंगे वाजवून पुढे जात राहिल्या.