आज एकसष्ट

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून ती म्हणायची, "काकू, आज एकसष्ट." कशा आहात नाही, काही नाही. आकडा सांगून झाला की दुसऱ्या कॉम्प्युटरची खुर्ची ओढायची आणि माझ्या अंगावरचा पंखा स्वतःकडे वळवून घ्यायची.

एकसष्ट म्हणजे तिला हव्या त्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळण्याची शक्यता. शंभरपैकी एकसष्ट. आदल्या दिवशी अठ्ठावन्न होती. रातोरात काय घडलं? तर तिच्या क्लासमधल्या एका हुशार मुलाने सायन्स सोडून कॉमर्स घ्यायचं ठरवलं. "तीन टक्के वाढले, काकू. देव त्याचं भलं करो," असं म्हणून तिने मला चक्क पेढा दिला. दुसऱ्याच्या कॉमर्सचा पेढा मी पहिल्यांदाच खाल्ला.

माझं दुकान कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. अकरावीचे प्रवेश सुरू झाले की माझ्याकडे जत्रा भरते. फॉर्म भरायचा, आवडीची दहा कॉलेजं क्रमाने टाकायची आणि शेवटी एक बटण दाबून फॉर्म लॉक करायचा. लॉक केला नाही, तर तो भरलाच नाही असं धरतात. आईबाप इथेच हमखास चुकतात आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात.

तिला दहावीला एक्क्याण्णव पॉइंट चार पडले होते. कॉलेज हवं होतं ठाण्याचं, आणि त्याची गेल्या वर्षीची यादी ब्याण्णववर बंद झालेली. वडील रिक्षा चालवायचे. ते म्हणत, "अगं, जवळचं घे, मी सोडीन रोज." ही ऐकेल तर शपथ. "पॉइंट सहासाठी माझं आयुष्य अडलंय, काकू," ती म्हणायची. वय वर्षं पंधरा!

तिच्याकडे एक चौकटीची वही होती. बदलापूरपासून ठाण्यापर्यंतची यच्चयावत हुशार मुलं तिने त्यात मांडून ठेवली होती. कोणाला किती पडले, कोण कुठे जाणार, कोणाचे वडील बदलीच्या खात्यात आहेत. एकदा तर बसने ठाण्याला जाऊन ती कॉलेजच्या गेटवर दिवसभर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला "किती पडले?" विचारत सुटली. वॉचमनने तिला बसायला स्टूल दिलं. एका गृहस्थांना वाटलं ही कॉलेजचीच कोणीतरी. त्यांनी मुलाची सगळी फाइल तिच्यापुढे उघडली. हिने ती नीट तपासली, दाखल्याची एक झेरॉक्स कमी आहे म्हणून सांगितलं आणि समोरचं झेरॉक्सचं दुकानही दाखवलं. त्या मुलाला त्र्याण्णव होते. संध्याकाळी परत आली तेव्हा आकडा दोनने उतरला होता. "पण त्यांचे पेपर कम्प्लिट झाले," ती म्हणाली.

हळूहळू आख्खी गल्ली यात पडली. शेजारचे मेडिकलवाले काका शटर वर करता करता ओरडायचे, "आज किती गं?" जसा काही मॅचचा स्कोअर. मग स्वतःच बातम्या आणायला लागले.

"माझ्या भावाच्या मुलीला चौऱ्याण्णव पडलेत. पण ती पुण्याला चालली."

"नक्की का, काका?"

"अगं, हॉस्टेलसाठी गादीसुद्धा घेतली."

"गादी घेतली म्हणजे नक्की," ती म्हणाली आणि वहीत अर्धा टक्का चढवला. तुम्ही हसाल. मी पण हसले होते. पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक टाकून मीच माझ्या नणंदेला फोन लावला, की तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्वदच्या वर आहे का गं, आणि असेल तर त्याचा विचार काय आहे.

एकदा मात्र माझं डोकं सटकलं. "अगं, एवढं डोकं अभ्यासात चालवलं असतंस तर पॉइंट सहा सहज आले असते!"

ती शांतपणे म्हणाली, "अभ्यासपण केलेला, काकू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी तिला चहा पाजला, खारी दिली आणि विचारलं, एवढं आहे तरी काय त्या कॉलेजात?

"आठवीत विज्ञान प्रदर्शनाला आम्ही तिथे गेलेलो. मी लायब्ररीच्या दारात उभी होते, आत जाऊ की नको. आतल्या मॅडम म्हणाल्या, 'अहो, या ना, आत बसून वाचा.' मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, कोणी मोठं माणूस आलंय. मागे कोणीच नव्हतं, काकू. त्या मलाच अहो म्हणत होत्या."

आमच्याकडे पोरींना अगं, ए, आणि रागावलं की कार्टे. तिला तिथे जायचं होतं, जिथे तिला अहो म्हणाले होते. एवढंच. त्यानंतर मी तिच्या वहीला हसले नाही.

बसल्या बसल्या ती दुसऱ्यांचे फॉर्म भरून द्यायची. माझ्यापेक्षा भराभर. प्रत्येकाला दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन विचारायची, "लॉक केलं का?" कोणी नुसती मान हलवली तर परत आत आणून स्क्रीन दाखवायला लावायची. शेवटी तिने स्केचपेनने मोठ्या अक्षरात 'लॉक केलं का?' असा कागद लिहून काउंटरला चिकटवला.

तिचा स्वतःचा फॉर्म भरून तयार होता. लॉक मात्र ती करत नव्हती. रोज शक्यता बदलायची, तसा कॉलेजांचा क्रम बदलायची. पहिलं ठाण्याचं, ते कायम. खालच्या नऊंची रोज उलथापालथ. "शेवटच्या दिवशी करते, काकू. डेटा येतोय अजून."

शेवटचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. साडेपाचला खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक बाई मुलीला घेऊन धापा टाकत आली. पोरगी पासवर्ड विसरली होती. नवा घ्यायचा तर ओटीपी जाणार बापाच्या मोबाइलवर, आणि बाप मोबाइल घेऊन होडीत, खाडीच्या मधोमध. फोन लागला की तुटायचा. मी एका फोनवर, मेडिकलवाले काका दुसऱ्यावर, बाई तिसऱ्यावर. बाप तिकडून ओरडतोय, "चार! चार! मग सात!" आणि पुढचा आकडा वाऱ्यात गडप. तीनदा ओटीपी मागवला. तिसऱ्यांदा सगळे आकडे सलग आले. आमच्या हिने धडाधड टाइप केलं, कॉलेजं टाकली, त्या मुलीला बटण दाबायला लावलं. लॉक! गल्लीत टाळ्या पडल्या. ती बाई रडायलाच लागली.

मी घड्याळ बघितलं. सहाला एक मिनिट कमी.

"अगं, तुझं?"

तिने स्वतःचं पान उघडलं. गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. सहा वाजून गेल्यावर ते थांबलं आणि मुदत संपल्याचं सांगून मोकळं झालं. तिला "लॉक केलं का?" असं कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. रोज शेजारी बसत होते.

यादी लागली. ठाण्याचं कॉलेज या वर्षी एक्क्याण्णव पॉइंट दोनवर बंद झालं होतं. ती आली, कोपरं टेकवली आणि म्हणाली, "काकू, शंभर होते." आधी हसली. मग डोकं काउंटरवर ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मेडिकलवाल्या काकांनी त्या दिवशी आकडा विचारला नाही.

दुसऱ्या फेरीत तिने सगळ्यात आधी लॉक केलं. या वेळी ठाण्याला मोजक्याच जागा उरल्या होत्या, आणि कॉलेज बंद झालं एक्क्याण्णव पॉइंट सहावर. मिळालं ते घराजवळचं. कोळीवाड्यातल्या मुलीला तिला हवं ते डोंबिवलीचं कॉलेज मिळालं. तिच्या आईने आम्हाला पिशवीभर सुकट आणून दिली. आठवडाभर माझ्या झेरॉक्सना सुकटीचा वास येत होता.

मग तिचं येणं बंद झालं. खुर्ची रिकामी, पंखा माझ्याकडे. मला वारा लागायला लागला आणि तो नकोसा झाला. मेडिकलवाले काका सवयीने "आज किती..." एवढं म्हणायचे आणि गोळ्या मोजायला लागायचे.

दिवाळीनंतर एकदा दुपारी ती आली. कॉलेजच्या ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती. आत नाही आली, पायरीवरच उभी राहिली. कागदाकडे बघत होती. तिचाच तो कागद, अजून काउंटरला चिकटलेला. काका सुट्टे मागायला आले होते, ते तिच्या मागे उभे.

मी उठले, खुर्ची पुसली, पंखा तिच्या बाजूला वळवला आणि म्हटलं, "अहो, या ना. आत येऊन बसा."

तिने मागे वळून पाहिलं.

काका घाईघाईने बाजूला झाले. "माझ्याकडे काय बघताय?" ते म्हणाले. "तुम्हालाच बोलावतायत."