न पाहिलेला गोल

आपण बघितलं की आपला संघ हरतो, हे शिंप्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून केस पिकले तरी या फुटबॉलवेड्यानं आपल्या संघाचा एकही गोल पाहिला नव्हता. आजही अंतिम सामना बायको आणि मुलगी आत टीव्हीवर बघत होत्या, आणि हा बाहेर दुकानात, मशीनवर कापड नसतानाच पाय मारत बसला होता.

"बाबा, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली!"

यानं कानांत बोटं घालून डोळे गच्च मिटले. तेवढ्यात घर दणाणलं. संघ जिंकला होता!

बायको धावत आली. "अहो, तोच गोल परत दाखवताहेत. आता तरी बघा!"

तो उंबऱ्यापर्यंत गेला, घुटमळला आणि मागे फिरला.

"नको गं. मी बघितलं आणि हुकला तर?"